केरबानं तोडलेली तार

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि सांगा – आपण जे सोडून देतो, ते वाया जातं का? नुसत्या माना डोलावू नका, उत्तर द्या! थांबा, आधी ऐका.

तांबेवस्तीचा केरबा शेलार. हात असा आखडता, की देवापुढं उदबत्ती लावायचा आणि नमस्कार झाला की विझवायचा! तीच उदबत्ती दिवाळीपासून शिमग्यापर्यंत! हसताय? तुमच्या कोनाड्यातही पाहिलीय मी अर्धी!

पण बायकोवर जीव. गजराबाईला साखरेचा आजार, रोजची सुई. ते औषध थंड राहावं म्हणून केरबानं फ्रिज घेतला. वायरमननं मीटरजवळ एक पेटी बसवली. म्हणाला, "काका, आभाळातल्या विजेनं तारेतून जादा दाब आला, की ही पेटी तो जमिनीत सोडणार." पेटीची हिरवी तार अंगणातल्या खड्ड्यात पुरली – तांब्याची पट्टी, भोवती कोळसा, मीठ.

झालं! केरबाला घास गिळवेना. वीज जमिनीत? फुकट? शेजारी नाना बोडके आपल्या तसल्याच खड्ड्यात ओल राहावी म्हणून पाणी ओतत होता.

"नाना, मीठ लावून जमिनीला वीज चारतोस! वर पाणीही पाजतोस!"

"अरे, ती आगंतुक. तुझी नव्हे."

"माझ्या घरात शिरली ना? मग माझीच!"

केरबानं अडकित्ता आणला आणि तार – कचकन! ती अंगणात ताणून बांधली, आणि तिच्यावर गजराबाईची लुगडी वाळू लागली.

वळवाचं आभाळ आलं. गजराबाई म्हणाली, "अहो, वीज लांब आहे तोवर फ्रिजची पिन काढा."

"पेटी बसवलीय की! ती काय शोभेला?"

केरबा पाटावरून हलला नाही. आणि कोपऱ्यावरच्या खांबावर – कडाड! वस्तीतल्या कोंबड्यांनी निम्मी घातलेली अंडी परत आत ओढून घेतली! पेटीनं जमिनीची वाट शोधली. वाट कुठं होती? लुगडी वाळवत होती! दाब शिरला फ्रिजमध्ये. भप्प! धूर!

केरबानं आधी औषधाची बाटली काढली, ओल्या फडक्यात गुंडाळली. तासाभरानं वस्तीतली गेलेली लाइट आली. पलीकडं नानाचा फ्रिज घुमू लागला. केरबा बाटली घेऊन कुंपणाशी उभा.

"काय रे?"

"नाना... एवढी ठेवतोस? हिची आहे."

नानानं बाटली घेतली. "ठेवतो. रोज सुईच्या वेळी येशील ना? येताना तांब्याभर पाणी आण. खड्ड्याला."

नवा फ्रिज येईपर्यंत केरबानं नानाच्या खड्ड्याला पाणी पाजलं, मंडळी! आणि पाणी घातलं त्या पहिल्याच दिवशी घरी येऊन लुगडी उतरवली, तार पुन्हा पेटीला जोडून जमिनीत पुरली.

आता तुमच्याकडं वळतो. बाहेरून राग येतो, अपमान येतो – आगंतुक! तुम्ही म्हणता, माझ्या घरात आला, माझाच! आणि धरून ठेवता. मग जळतं कोण? घरातली माणसं! देवापुढं कपाळ जमिनीला का टेकवायचं? खाली जाऊ द्या की ते!

आणि – ऐकलंत? गडगडलं! अहो भोंगेवाले, आधी मशीनची पिन काढा! देवाला भोंग्यावाचून ऐकू येतं. तुम्हाला येत नसेल, तर पुढं सरकून बसा!