डब्याखालची रिंग

नाही साहेब, नाही म्हणजे नाही. तुम्ही बसा — त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय दगा देतो, टायरवर बसा — पण ते काम मी करत नाही. कुणी सांगितलं करतो म्हणून? कोण? ... असं. जावई. माझेच जावई. तुमच्या ऑफिसात का ते? बघा, म्हणजे घरचाच माणूस दवंडी पिटतोय, मग लपवायचं कुणापासून. काय म्हणाले — सासरे डबे काढून देतात, मग गाडी कशी डरकाळी फोडते, आणि वर तपासणीत पासही करून देतात? हसत हसत सांगितलं असेल. ते सगळं हसतच सांगतात. एक मिनिट हं, एक फोन लावतो ... नाही लागत. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. त्यातल्या बाईचा आवाज किती गोड असतो नाही, सकाळपासून तेच सांगतेय आणि कंटाळत नाही.

तर डबे. तुम्ही त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणता, कागदावर मीही तसंच लिहितो, पण गाडीखाली झोपलेल्या माणसाला एवढं लांबलचक नाव घ्यायला सवड कुठली — आम्ही डबा म्हणतो. इंजिनातला विषारी धूर त्या डब्यातल्या जाळीतून जातो तेव्हा त्याचं विष उतरतं. तुमच्या या काळ्या गाडीला दोन डबे, जावयांच्या लाल गाडीलाही दोन, एक डावीकडे एक उजवीकडे. ते काढून जागेवर सरळ नळ्या बसवल्या की आवाज मोकळा होतो आणि मालक खूश. मग तपासणीची तारीख आली की मूळ डबे परत चढवायचे, गाडी चांगली गरम करायची, मागच्या नळीत यंत्राची दांडी घालायची — आकडे येतात अगदी सोवळे, चिठ्ठी छापून निघते, काचेवर दाखला चिकटतो, आणि संध्याकाळच्या आत डबे खाली, नळ्या वर. आणि तपासणारा कोण? बाहेरची पाटी वाचलीत ना, अधिकृत धूर तपासणी केंद्र? तो मीच. कुंपणानंच शेत खायचं, दुसरं काय. पण एकदाच हो, घरच्या गाडीपुरतं — बरं, तीन वर्षं झाली, म्हणजे तीनदा. जावयांना नाही कसं म्हणायचं तुम्हीच सांगा. पोरगी त्यांच्या घरात नांदतेय.

हातात? काही नाही, रिंग आहे ही. दोन नळ्या जोडतात तिथे मध्ये बसते, फटीतून धूर निसटू नये म्हणून. दोन सरळ नळ्या, प्रत्येकीची दोन टोकं, म्हणजे रिंगा किती? चार. पाकिटात चार येतात. काल नवं पाकीट फोडलं. ही चौथी. ... नाही साहेब, जास्तीची नाही. मीही आधी तेच म्हटलं, असेल जास्तीची, कंपनीवाल्यानं चुकून पाच घातल्या असतील — कंपनीवाला असा दानशूर कधी बघितलाय? — तरी कचऱ्याची बादली उपडी केली, तो बघा अजून पसारा पडलाय, रिकामं पाकीट काढलं, त्यावर चारचा आकडा आहे. जुन्या रिंगा मोजल्या. गाडी खाली आली, काम झालं, आणि रिंग माझ्याकडे उरली.

परत लावतो हं ... नाही. लेकीचाही नाही लागत, जावयांचाही नाही. घाटात रेंज नसतेच म्हणा. नसतेच ना? तुम्ही गेलायत ना त्या रस्त्यानं? दोन बोगदे आहेत तिथे, त्यात तर कुणालाच नसते. हो, तसंच असणार.

चूक कशी झाली सांगू? डब्यामुळे झाली. काल दुपारी मी गाडीखाली, डावीकडची नळी छातीवर तोललेली, पुढचं टोक जोडलेलं, मागच्या टोकाची रिंग तेवढी बसवायची — आणि लेक आली. वरून म्हणते, बाबा, डबा. मी खालून म्हटलं, काढला काढला, दोन्ही काढले. ती जी हसत सुटली — अहो बाबा, जेवणाचा. शाळेत होती तेव्हापासूनचा आमचा विनोद आहे हा, दर वेळी मी फसतो, म्हणजे दर वेळी मुद्दाम फसतो, काल मात्र खरंच फसलो. बाहेर आलो, हात पुसले, जेवलो, तिनं गप्पा मारल्या, सर्दीनं नाक चोंदलं होतं तरी बडबड चालूच, आणि रिकामा डबा ठेवला त्या फळीवर. रिंगेवर ठेवला. मी परत खाली गेलो आणि बोल्ट आवळले. हात आपले आवळत होते, डोकं तिच्या बोलण्यात. तीस वर्षांत एक रिंग विसरलो नाही हो मी. आज सकाळी नऊ वाजता डबा धुवायला उचलला, तर ग्रीसनं ही बुडाला चिकटलेली.

ते दोघं सातला निघाले. त्याच गाडीतून, हो. आता किती झाले? दहा. दहाला पाच कमी आहेत, बरोबर, ते घड्याळ पुढं आहे.

तुम्हाला वाटेल थोडा धूर निसटला तर काय एवढं, गाडीखाली तर निसटतो. तेच म्हणत बसलो होतो मी पण. पण ती डावीकडची फट नेमकी तिच्या पायांखाली येते. आणि तिथे तळाला एक भोक आहे, सेन्सरची वायर वर जाते त्यातून, त्याचं रबरी बूच सैल झालंय — मला माहीत होतं, पुढच्या खेपेला बदलू म्हटलं. डबे असते तर निदान धुरातलं विष उतरलं असतं. डबे कुठे आहेत? ते बघा, कोपऱ्यात, पोत्याखाली. त्या वायूला वास नसतो साहेब. रंग नसतो. माणूस खोकत नाही, ओरडत नाही, त्याला नुसती गुंगी येते. बाजूचा म्हणतो, झोपली वाटतं. आणि आमची पोर लहानपणापासून गाडीत बसली की पाचव्या मिनिटाला झोपते. जावई म्हणतील, झोपू दे. काचा वर असतील, गार हवेनं सर्दी वाढेल म्हणून. आणि गाडी चालवणारे तेच, तीच हवा त्यांच्याही नाकात.

हे वाचा. आठ वाजून दहा मिनिटांचा मेसेज आहे. बाबा, डोकं जड झालंय, सर्दीमुळे असेल, जरा झोपते. खालचं उत्तर माझं. झोप. एवढंच लिहिलं. तेव्हा कुठे मला रिंग सापडली होती? नव्हती सापडली. माझी शपथ, नव्हती.

नको. तो फोन ठेवा खाली. पोलिसांना नको. मला सुचलं नसेल का? नऊपासून तेच सुचतंय. पण ते गाडी थांबवणार, खाली वाकून बघणार, डबे नाहीत आणि काचेवर कालचा दाखला ताजा. मग इथे येणार. पाटी उतरणार, ते सोडा, पाटीचं काय — पण पोरीला कळेल हो. तिला वाटतं मी ते डबे साफ करून परत बसवतो. चारचौघांत सांगते, आमच्या बाबांनी पास केलेली गाडी म्हणजे डोळे झाकून बसावं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झालीय माझी. आणि समजा काही झालंच नसेल, समजा आता कुठे चहाला थांबले असतील आणि ती शिंकत असेल, तर मी आपणहून फास गळ्यात घालून घेतला असं नाही का होणार? ... असं बघू नका माझ्याकडे. तासभर काय करत होतो म्हणजे? फोन लावत होतो. कचरा उपसत होतो. पाकीट वाचत होतो. तुम्ही यायच्या आधी तिथे उभा राहून पाच वेळा वाचलं, चार, चार, चार.

विषाला वास नाही, पण बाकीच्या धुराला असतो, आणि जावयांना तो आला तरी ते थांबणार नाहीत. का, ते विचारू नका. ... मीच सांगितलंय त्यांना. पहिल्या वर्षी ते म्हणाले होते, गाडीत धुराचा वास येतो थोडा. मी म्हटलं, डबे काढल्यावर येतोच, सवय होईल. न बघताच म्हटलं हो. जॅक लावायचा कंटाळा आला होता. तेव्हापासून ते त्याला गाडीचा खरा सुगंध म्हणतात, मित्रांना सांगतात — तुम्हालाही सांगितलाय ना? बघा. म्हणजे आता वास आला तर ते काच खाली घेणार नाहीत, हसतील. आणि ती विचारेल, तर म्हणतील, बाबांनी कालच तपासलीय. आणि ती परत डोळे मिटेल.

द्या. द्या तो फोन इकडे. माझा नको, माझा मोकळा राहू दे, ती लावेल. नाही, तुम्ही नका बोलू, तुम्हाला नंबर माहीत नाही गाडीचा. माझी बोटं ग्रीसची, तुम्हीच दाबा आकडे, मी धरतो. ... हॅलो. हो. एक गाडी थांबवायचीय, घाटाकडे गेलीय, लाल, दोन दारांची, नंबर सांगतो, घ्या लिहून. ... झालं? आत दोघं आहेत. बाई झोपलेली दिसेल. ती झोपलेली नाही, तिला आधी बाहेर काढा, मोकळ्या हवेत, डॉक्टर बोलवा, धूर शिरतोय आत. ... मला कसं माहीत? नळी मी जोडली. एक रिंग राहिली माझ्याकडून. आणि डबे नाहीत गाडीला, मीच काढलेत. ... आहे ना, काचेवर आहे दाखला, कालचा. खोटा आहे तो. ... सही? सही माझी. ... बाप. मुलीचा बाप. ... हो, धरतो. धरून आहे.

तुम्ही का थांबलात अजून? जा. आहे तशी गाडी घेऊन जा, डब्यांसकट, आणि पुन्हा कुणाकडे हे मागू नका. फोन तुमचा आहे, हो, कळलं, तेवढा राहू दे थोडा वेळ, बाहेर उभे राहा. आणि बोलू नका आता. तिकडे वायरलेसवर कुणीतरी लाल गाडी म्हणालं.

ऐकू द्या मला.