आधी तुमची चूक सांगा

समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, वकील संघाचे पदाधिकारी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे वकीलसाहेब, त्यांच्याशेजारी बसलेल्या वहिनी, आणि कुबड्या भिंतीला टेकवून बसलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो,

मला दोन मिनिटं दिली आहेत. पण वकिलांच्या कार्यक्रमात तारीख पुढे जायचीच, तेव्हा अध्यक्षांनी घड्याळाकडे जरा कानाडोळा करावा.

साहेबांचं मोठेपण मी वेगळं काय सांगणार? वडील गवंडी. परांचीवरून पडले, कायमचे अंथरुणाला खिळले, ठेकेदाराने हात वर केले. त्या घरातला मुलगा टायरच्या दुकानात पंक्चर काढत काढत वकील झाला आणि अपघातात जायबंदी झालेल्यांचेच खटले लढवत राहिला. लोक त्यांना 'कुबडीवाले वकील' म्हणतात, आणि त्यांना त्याचा कधी राग आला नाही. शाळेच्या वळणावरचा गतिरोधक कुणामुळे झाला? वाचनालयाच्या मागच्या खोलीत मोफत सल्ला केंद्र कुणी काढलं? टाळ्या वाजवा, मनापासून वाजवा. त्या त्यांनी कमावलेल्या आहेत.

त्या केंद्रात मी पहिल्यापासून आहे. येणाऱ्याला पाणी द्यायचं, कुणी बोलताना अडखळलं तर शेजारी बसायचं, हे माझं काम. साहेबांची पद्धत न्यारी. दार लावून घ्यायचे आणि म्हणायचे, "आधी तुमची चूक सांगा. समोरच्याची मी शोधून काढतो." माणसं बिचकायची. मग मी म्हणायचे, "सांगा हो, इथल्या भिंतींना कान नाहीत." आणि लोक बायकोलासुद्धा न सांगितलेलं सांगून मोकळे व्हायचे.

माझ्या धाकट्या भावालाही मीच तिथे नेलं. तो गोदामात माल उचलायची गाडी चालवायचा. ब्रेक लागला नाही, आणि पाय गाडी आणि भिंतीच्या मध्ये सापडला. साहेबांसमोर तो काही बोलेना. मीच म्हटलं, "अरे, वकिलापासून काय लपवायचं?" तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "ब्रेक सैल आहे हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं, ताई. काम जाईल म्हणून गप्प बसलो."

साहेब म्हणाले, "हे या खोलीबाहेर जाणार नाही."

पुढे साहेबांना विमा कंपनीने मुख्य सल्लागार म्हणून बोलावलं. ज्या कंपनीकडे भाऊ भरपाई मागतोय, तीच. आम्हाला ही बातमी आजच्या निमंत्रणपत्रिकेतून कळली. साहेब तिकडे कधीच रुजू झालेत, सभागृह मिळेना म्हणून निरोप तेवढा मागे राहिला. बरं, माणसाने पुढे जाऊ नये का? जरूर जावं. भावाचा खटलाही त्यांनी रीतसर दुसऱ्या वकिलांकडे सोपवला. आणि गेल्या सुनावणीत कंपनीच्या वकिलाने भावाला पहिलाच प्रश्न केला, "ब्रेक सैल आहे हे आदल्या दिवशी कळलं, तरी गप्प बसलात. काम जाईल म्हणून ना?"

त्या खोलीत आम्ही तिघंच होतो, अध्यक्ष महाराज.

भाऊ स्वतः तर सांगणार नाही. साहेब म्हणजे देवमाणूस. मग राहिलं कोण? त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलत नाही. "साहेब असं करणारच नाहीत," असं आईला म्हणाला. बघा साहेब, आपल्यावरचा त्याचा विश्वास अजून किती पक्का आहे!

समारंभात असं बोलू नये, मला कळतं. पण आपण केसाने गळा कापलात, साहेब, आणि सुरी माझ्या हातात सापडली.

आयोजकांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. शब्द कमी-जास्त गेला असेल तर पोटात घाला. आता सत्काराला उत्तर द्यायला साहेब उठतील. माझा भाऊ दुसऱ्या रांगेत कडेला बसलाय. माझ्यासाठी नाही, आपल्यासाठी आलाय. बाकी काय बोलायचं ते बोला, साहेब, पण एकदा त्याच्याकडे बघून सांगा, की तुझ्या ताईने कुणाला काही सांगितलेलं नाही.