नदीकाठचं दुकान

अकोल्याच्या बसस्टँडवर दर्यापूरच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर एक म्हातारी आणि तिची भाची बोलत होत्या.

"मावशी, नदीकाठचा सारा बाजार नव्या इमारतीत गेला. तू काहून नाही गेली?"

"माया बापाले आमची जात पाहून वरच्या बाजारात कोनी बसू देलं नाही, नीलम. मंग त्यानं मोर्णेच्या काठावर टोपल्या मांडल्या. बाकीची दुकानं मागून आली."

"पन आता तू एकटीच राहिली."

"तोही एकटाच होता."

"दुकान पाडाले आले तं?"

"काल आले होते. मी आतच बसून राहिली. आता उद्या येनार म्हने."

"अन् तू आज दर्यापूरले चालली?"

"तुया मायले आनाले. तिचाबी बाप होता तो."