सासूबाईंनी शिकवलेलं उत्तर

मुलाखतीत काय बोलावं, हे मला चक्क माझ्या सासूबाईंनी शिकवलं होतं बघा.

टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला बायका घेणार होते. पण घरी आजारी माणूस असेल तर घेत नाहीत, असं शेजारच्या लक्ष्मीनं सांगितलं. सासूबाई तर वर्षभर अंथरुणावर. त्याच म्हणाल्या, "सासू मेली म्हणून सांग की. त्यानं काय मी लगीच मरतीय व्हय?"

सुपरवायझरनं विचारलं, "घरी म्हातारं माणूस कोण?"

मी खाली बघून म्हणाले, "सासूबाई होत्या. वारल्या."

नोकरी लागली. सासूबाई हसून म्हणाल्या, "पगार झाला की मेलेल्या सासूला पेढा आण."

दिवसा लक्ष्मी त्यांच्याकडे बघायची. महिना भरायच्या आतच एका दुपारी त्या गेल्या. आमचे मोबाईल गेटवर जमा असतात, म्हणून लक्ष्मीनं कारखान्यात फोन केला. मला कुणी बोलावलंच नाही. सहापर्यंत मी टॉवेलच्या कडा शिवत होते.

सुटताना सुपरवायझर म्हणाला, "ताई, जपून राहा. तुमची सासू आज वारली म्हणून कुणीतरी खोटा फोन केला होता. मी चांगलं झापलं तिला."