अठरा घोडे कमी

हॅलो?… हॅलो, कोण?… हां, ताई. बोल ना.

नाही गं, झोपलो नव्हतो. भर दुपारी कोण झोपतं?… आवाज असाच आहे माझा… हो, हॉल बघून आलो. टेबलं लागली, फुलं उद्या सकाळी… आइगानिमचा लग्नाचा ड्रेस आला?… लांब नाही ना झाला?… कापून घेतला. बरं झालं.

काय?… कोण येणार नाही?

दाजी? स्वतःच्या लेकीच्या पाठवणीला?… अगं, असं कसं म्हणतात ते? बाप आहेत पोरीचे! मानाच्या जागेवर कोणाला बसवायचं मग, मला?… कसली लाज?…

हं.

…हो, ऐकतोय.

व्याह्यांचा फोन आला होता?… काय म्हणाले?… "तुर्सुनबेक, उद्या ताटात मांस भरलेली कझी कोणत्या घोड्याची? त्या अठरांतली उरली असेल ना अजून?"… आणि हसले?… व्याहीसुद्धा आहेत त्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर?… मला माहीत नव्हतं, ताई. शप्पथ, माहीत नव्हतं.

हो. मीच लिहिलं होतं… हो, मीच! "साबितच्या गाडीतले अठरा घोडे दाजींनी कापले, कझी केली आणि खाऊन टाकली"… शंभर नाही गं. चारशे जण आहेत ग्रुपवर… गंमत केली होती. दाजी छातीवर हात मारून म्हणाले होते, साबितचं इंजिन मी बांधलंय, एकशे ऐंशी घोड्यांच्या ताकदीचं झालंय. सगळे जमले होते. मी ताकद मोजायचं यंत्र लावलं, आकडा आला एकशे बासष्ट. तोंडातून निघून गेलं… हो, तोंडातून नाही, बोटांतून. बरोबर.

आता काय करतात ते?… गाडी साबितकडून परत मागून आणली होती? कधी?… दोनदा उघडलं इंजिन?… आणि काही सापडलं नाही… गॅरेजलाही जात नाहीत? किती दिवस?… अरे देवा.

ताई, ऐक ना… अगं ऐक. एक सांगायचंय. आधी ओरडू नकोस… बाउरसाकचे गोळे तळतेयस का? मग कढई उतरव. उतरव आणि बस… बसलीस?

त्यांना काही सापडणारच नाही. इंजिनात खोट नाहीच.

…थांब, सांगतो. रविवारी ओराझ आला होता, करागंडाचा… हो, तोच, सपाट मुलखातला. त्याला यंत्र दाखवायला नेलं. तो गाडीतून उतरला आणि म्हणतो, "झांदोस, हा घाट कुठून आणलास?" मी म्हटलं, कसला घाट, ताटासारखा रस्ता आहे. त्याने पाण्याची बाटली आडवी ठेवली… गेली ना घरंगळत! मी पळतोय मागे आणि हा पोट धरून हसतोय.

अगं, आपण जन्माचे अल्माटीचे. डोंगराकडे म्हणजे वर, स्टेशनकडे म्हणजे खाली, दिवसभर हेच बोलतो. पण पायाला कधी कळतो का चढ?… यंत्राला कुठून कळणार! त्याला गाडीचं वजन सांगायचं, काचेला चिकटवायचं. गाडी किती झपाट्याने वेग घेते ते बघून ते ताकद काढतं. गाडी चढ चढतेय हे त्याच्या गावीही नसतं… मग एकदा वर पळवायची, एकदा खाली, आणि मधला आकडा धरायचा… हो, यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलंय. पहिल्याच पानावर… नाही वाचलं.

मी नेहमी खालच्या बाजूला पळवतो. त्या दिवशी तिकडे रस्ता खणलेला, म्हणून वर पळवली. एकट्या साबितची, दाजींनी बांधलेली.

…बाकीच्यांचे? फुगलेले आकडे. सगळ्यांचे… माझा पण. दोनशे बारा कसला, डोंबल! मागच्या काचेवर रंगवून वर्षभर मिरवतोय.

रविवारपासून… हो, चार दिवस… कोणत्या तोंडाने सांगू? लोक माझ्या भरवशावर आकडे सांगत फिरतात. म्हटलं, लग्न होऊन जाऊ दे, मग दाजींना एकट्याला गाठून सांगेन… हो. हसं चारशे जणांत केलं आणि माफी कोपऱ्यात मागणार होतो… हो, भ्याड आहे मी. बोल, अजून बोल. मलाही माझी किळस आलीये, ताई.

कुठे आहेत ते?… अंगणात. एकटेच?… दे त्यांना फोन… थांब, लगेच नको! आधी ग्रुपवर लिहितो… नाही गं, पळत नाही. फोन चालूच ठेवतो, लिहिता लिहिता तुला वाचून दाखवतो.

"साबितच्या गाडीत… एकशे ऐंशी घोडे आहेत. तुर्सुनबेक… खरं बोलले होते. ती गाडी मी… चढावर मोजली. तुम्हा सगळ्यांच्या… आणि माझी… उतारावर. चूक माझी. झांदोस."… काय राहिलं?… हां. "दाजींची माफी मागतो."… हो, सगळ्यांसमोरच.

…पाठवलं… खरंच पाठवलं, ताई. दे आता.

…दाजी? सलाम, दाजी. झांदोस… ताईने सांगितलं?… अर्धंच?… हो, सांगतो. काल साबितची गाडी परत पळवली. वर एकशे बासष्ट, खाली एकशे अठ्ठ्याण्णव. मधला आकडा… हो. तुमचाच. बरोबर एकशे ऐंशी… दोनदा पळवली, दाजी. दोन्ही वेळा तेच.

लिहिलं ना, ग्रुपवर… आत्ताच… थांबायला हवं होतं? का?… मामाची अब्रू? अहो, माझ्या अब्रूचं काय घेऊन बसलात!… असू दे. व्याही उद्या मला हसतील, पोट दुखेपर्यंत हसू देत. तुम्ही तेवढे पोरीजवळ बसा… शिव्या घाला दाजी, दोन ठेवून द्या, पण असं गोड बोलू नका. मला सहन होत नाही.

…काय म्हणालात?… परत बोला, नीट ऐकू नाही आलं.

…नाही, दाजी. हात ठीक आहेत तुमचे… कानही. इंजिनाचा आवाज तुम्हाला चांगला वाटला ना? तो चांगलाच होता… नाही हो, कोण म्हणतं तसं?… नाही, दाजी. वय नाही झालं तुमचं. रस्ता चढाचा होता.

हॅलो?… दाजी?… ताई, तू?… कुठे गेले ते?… उद्याचा कोट शोधायला?