बाबली शिंप्याने शिवलेली छत्री

...बरं, मला सांगा, शिंप्याच्या दुकानात माणूस काय आणतो? झंपराचं कापड आणतो, लेंग्याचं आणतो, फार तर फाटकी गोधडी आणतो. छत्री आणतो का? पण आणली ना! जामसंड्याच्या बाजारात बाबली शिंपी आपला निमूट काजं करत बसलेला, आणि हा सत्यवान, छत्रीवाल्या पलटणीतून निवृत्त होऊन गावात आलेला, पाठीवर हे एवढं बोचकं घेऊन दारात उभा, आणि म्हणतो काय, "बाबल्या, छत्री फाटली हा, वायच टाको घाल." बाबली वर न बघताच म्हणाला, "ठेव थय." मग बोचकं सुटलं आणि तुम्हाला सांगतो, कापड जे बाहेर यायला लागलं... दुकान भरलं, पायरी झाकली, रस्त्यावर गेलं, शेजारच्या दाजी वाण्याची म्हैस त्यावरून चालत गेली, तरी दोऱ्या अजून आतच!

विमानातून उडी मारायची छत्री हो ती. पलटण सुटली पण ह्याची हौस सुटेना. बेळगावाकडे त्याचा एक पायलट दोस्त, त्याच्या छोट्या विमानातून हा माणूस खाली उडी मारणार, आणि तीही कशी, तर कुणी हुकूम सोडलेला नसताना, नुसती मजा म्हणून. मागच्या खेपेला छत्री काजूच्या फांदीत अडकली आणि टरकन फाटली. बाबलीने ती चीर बघितली, हात लावला, काढून घेतला आणि विचारलं, "आणि शिवण उसवली तर?"

"तर मी खाली येतलंयच," सत्यवान म्हणाला, "वायच बेगीन." म्हणजे जरा लवकर, एवढंच!

झालं. त्या घटकेपासून बाबलीच्या तोंडी एकच. शिवण धरतली मां?

बरं, सत्यवानाने कापड टाकून निघून जावं ना? नाही. रोज बाकावर येऊन बसायचा आणि बाबली धागा ओवतोय तर ह्याची मतं सुरू. "रेशमाची छत्री नको रे, भिजली की चिकटता. सुती तर बैलगाडीर घालूक बरी. छत्री नायलॉनचीच." बाबली बिचारा कोळणीकडून जाळ्याचा नायलॉन दोरा आणून, उकलून बारीक करून भरत होता. "बूट घोट्याच्या वरसून व्हये, आणि टोपी चामड्याचीच." बाबलीने भीत भीत विचारलं, पोटावर म्हणे दुसरी लहान छत्री असते, अडीनडीची? तर सत्यवान हसला. "ती स्कूटरच्या स्टेपनीसारकी. गरजेच्या वक्ताक तेच्यात हवा नसताच." आता हे शिंप्याला सांगायचं का? तुम्ही सांगा!

मग उडी कुठे मारायची ह्यावर मतं. सड्यावर नको, जांभा दगड, घोटा जातो. पुळणीवर वाळू छान मऊ, पण वारा फिरला की समुद्रात. हापूसच्या बागेत पडलं तर हाडांपेक्षा बागवाल्याची भीती. आरोंद्याचे मळे झकास, पण तिथे खाडी. जरा वाहवत गेलं की पलीकडे गोवा. "आता गोवा आपलोच हा म्हणा," सत्यवान म्हणायचा, "पोर्तुगीज असताना पडलंय असतंय तर तुरुंगात." शेवटी ठरला गावामागचा कापणी झालेला भाताचा मळा. म्हणजे सगळ्या गावासमोर! काळजीपायी बाबलीचं उरलंसुरलं जेवणही सुटलं.

शिवण त्याने घातली, उसवली, परत घातली. एक टोक बायकोच्या हातात दिलं, दुसरं स्वतः ओढलं. त्या हिसक्याने यशोदा खळ्यात खालीच बसली, शिवण मात्र जागच्या जागी. "धरली," ती उठत म्हणाली. "तू काय सत्यवानाएवढ्या वजनाची आसस?" बाबली म्हणाला, आणि ती दिवसभर त्याच्याशी बोलली नाही. देवळात जाऊन कौल लावला, तर फूल ना उजवीकडे पडे ना डावीकडे. चिकटून बसलं. देवाचंसुद्धा मत बनेना!

उडीच्या दिवशी मळ्याच्या बांधावर ही गर्दी. विमान आलं, घिरट्या घातल्या, आणि त्यातून एक ठिपका सुटला. बाबलीने डोळे गच्च मिटले आणि शेजारच्या दाजी वाण्याचा दंड धरला. "दाजीनू, उघडली?" "नाय." "आता?" "नाय रे... हां, उघडली." "शिवण धरली मां?" "माका हयसून शिवण दिसता काय? माझो हात सोड." तुम्हाला सांगतो, ती छत्री डुलत डुलत माडांकडे निघाली, बाया ओरडल्या, मग वारा पडला आणि सत्यवान मळ्यात येऊन बसला. अगदी पाटावर बसल्यासारखा.

बाबली धावला. सत्यवानाला ओलांडून थेट छत्रीकडे. कापड उलटं केलं, सुलटं केलं, सगळा घेर फिरला. शिवण नाहीच. क्षणभर त्याला वाटलं, आपला हात एवढा सफाईदार? मग सत्यवान दोऱ्या सोडवत हळूच म्हणाला, "ती ही न्हय रे. तुझी शिवण बघून पायलट म्हणालो, ही घेवन उडी मारलंस तर माझा लायसन जायत. त्येने आपली दिली."

आता माणूस जिवंत खाली आला, बाबलीने सुटकेचा श्वास घ्यावा की नाही? घेतला. पण अर्धाच. पुढे आठवडाभर दुकानात येईल त्याला एकच रडगाणं: माझ्या शिवणीला काय झालं होतं? इतकी वर्षं गावाचे कपडे शिवतो, कुणाचं कधी उसवलं? बघितली तरी का त्या पायलटने नीट? सत्यवानाकडे बघेना, त्याचा चहा घेईना. आणि सत्यवान मनाचा सरळ हो, त्याला ते लागलं. आला, बाकावर बसला आणि म्हणाला, "बाबल्या, तुझा खरा आसा. दोस्ताक समजावन इलंय. फुडच्या म्हयन्यात उडी मारतंय ती तुझ्याच छत्रीन. आता तरी राग सोड."

मशीनचं चाक थांबलं. "म्हणजे... शिवण धरतली मां?" बाबली म्हणाला. आतून यशोदा म्हणाली, "मिळालो मां मान? आता जेवान घे, मगे महिनोभर जेवचस नाय."