पंख्याशेजारचा हात

(कोल्हारमधलं एक घर, झोपायची खोली. पलंगावर प्लास्टिकचा कागद, खाली पडलेल्या गिलाव्याचा ढीग. कानिफनाथ मिस्त्री घोडीवर चढून थापीच्या दांड्यानं छत ठोकून बघतोय. खाली सहादेव आणि त्याची दुसरी बायको सत्यशीला उभे. दोघांच्याही माना वर, आणि मिस्त्री ठोकतोय तिथं दोघांचंही लक्ष नाही.)

कानिफनाथ : ...ऐकलं का? इथं बद्द वाजतंय. खिडकीकडचं एवढंच गेलंय पान्यानं. बाकी छत कडक हाय.

सहादेव : म्हंजे पॅच मारला की झालं.

सत्यशीला : झालं कसं? आज हे पडलं, उद्या ते पडंल. सगळा गिलावा काढा मिस्त्री, नवा करा.

कानिफनाथ : वहिनी, धडधाकट गिलावा कशाला फोडायचा?

सत्यशीला : मला डोळ्यांसमोर नको त्यो.

सहादेव : गिलावा का हात?

सत्यशीला : बघा! मी हाताचं नावबी काढलं न्हवतं.

कानिफनाथ : कुठला हात?

सत्यशीला : त्यो काय, पंख्याशेजारी. पंजा उमटलाय बघा. ह्यांच्या पहिलीचा, रुपालीबाईचा. अठरा वर्षांमागं घर बांधताना ओल्या गिलाव्यावर उठवला, आनि वर्षा-दोन वर्षांत गेली बिचारी.

सहादेव : मी तवा उसाच्या ट्रकवर हुतो. आठ दिवसांनी आलो, तर मला हाताला धरून इथं आनलं. म्हनली, बघा, माझा हात.

सत्यशीला : तवापासनं बघतायच! दर दिवाळीला रंग देत्यात, पन तेवढा हात सोडून. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली मिस्त्री. हे उताने, नजर वर. मी बोलून बोलून दमते, आनि ह्यांचं नुसतं हं, हं. जिवंत सवत असती तर झिंज्या धरून भांडले असते. हिच्याशी कसं भांडू? ही म्हातारी हुत न्हाई, हिची भाजी खारट हुत न्हाई!

सहादेव : फोडा मिस्त्री. सगळं फोडा. मी सिमेंट घेऊन येतो.

कानिफनाथ : भाऊ, पन...

सहादेव : फोडा म्हनलं ना. तिला तरी झोप लागू द्या.

सत्यशीला : गेले. वळूनसुद्धा बघितलं न्हाई. चला, हातापासनंच सुरू करा. ...का हो? हातोडा का खाली ठेवला?

कानिफनाथ : जरा जवळनं बघू द्या.

सत्यशीला : बघा, बघा! आता तुमीबी तिच्यावर जीव टाका.

कानिफनाथ : वहिनी, ह्यो रुपालीवहिनींचा हात न्हाई. माझ्या आईचा हाय. दगडाबाईचा.

सत्यशीला : काय बोलताय?

कानिफनाथ : मधलं बोट बघा, आखूड हाय. आईचं कडबाकुट्टीत गेलं हुतं.

सत्यशीला : मला वाटायचं, बोट नीट उमटलं न्हाई.

कानिफनाथ : ह्या घराचं काम माझ्या तात्यांनी केलं. आई परांचीवर बसून घमेलं द्यायची. तोल गेला, तिनं छताला हात टेकला. तात्या लई तापट. चारचौघांत आईला शिव्या घालायचे, कवा कवा थापी फेकून मारायचे. त्ये बघायला आले, तर रुपालीवहिनी पुढं झाल्या. म्हनल्या, मीच उठवलाय, राहू द्या. मालकिनीचा हात म्हनल्यावर तात्यांनी त्यो तसाच ठेवला. आई मरेस्तोवर सांगायची.

सत्यशीला : मग ह्यांनाबी तेच सांगितलं?

कानिफनाथ : सांगावंच लागलं असंल. न्हाईतर भाऊंच्या तोंडून तात्यांना कळलं असतं.

सत्यशीला : मेली चांगलीच हुती म्हना! मला वाटलं हुतं, एकदा तरी तिचं काई खोटं सापडंल. सापडलं, तर तेबी असलं.

कानिफनाथ : भाऊंना सांगू?

सत्यशीला : खबरदार! अठरा वर्षं ज्याच्याकडं बघून माणूस झोपतोय, त्यो हात तिचा न्हाई म्हनून सांगता? खचतील त्ये.

कानिफनाथ : पन तुमाला तर नको हुता.

सत्यशीला : नकोच हाय. अजूनबी नकोच हाय. पन एवढं झाकून ठेवायला तिला जमलं, तर मला न्हाई जमनार? मी काय तिच्यापरीस कमी हाय?

कानिफनाथ : टेम्पो वाजला. भाऊ आले वाटतं.

सहादेव : चार गोन्या आनल्यात. ...अजून काईच फोडलं न्हाई?

सत्यशीला : एक गोनी उतरवा. पॅचच मारायचाय.

सहादेव : आनि हात?

सत्यशीला : राहू द्या तिचा हात.

सहादेव : आत्ता तर तू...

सत्यशीला : आत्ताचं आत्ता गेलं. मिस्त्री, पॅच ओला असंल तवा मला हाक मारा. आनि ती घोडी लगेच काढू नका.

कानिफनाथ : घोडी कशाला, वहिनी?

सत्यशीला : खिडकीकडं मी झोपते. मलाबी हात हाय.